शर्टाच्या खिशातले चिंचोके

रस्त्यावरून गेलेल्या टॅक्सीमागे "धागो तुटता रे तुझो!" असं ओरडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. टॅक्सीवाला दचकून आधी बाही बघायचा, मग कॉलर, मग पँटची शिवण. कुठेच काही उसवलेलं नसायचं. पुढच्या नाक्यावर टॅक्सी दोन आचके द्यायची आणि बंद पडायची. हे मी दोनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तिसऱ्यांदाही पाहिलं असं मी लोकांना सांगत असतो, ते खोटं आहे.

त्यांना सगळे फोरमन म्हणत. ते कधीच फोरमन नव्हते. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात फिटर होते. गिरणीतली माणसं यंत्रमागाला साचा म्हणतात. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, तेव्हा भांडुपला एका कारखान्याच्या भिंतीला टेकून ह्यांनी पत्र्याचं गॅरेज घातलं. गाड्यांचं काम कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं होतं.

"शिकाचा काय त्यात?" ते म्हणाले. "साचो काय नि इंजिन काय. कोणतरी वर उचलता, कोणतरी खाली सोडता. टाइम चुकलो की धागो तुटता."

त्यांची हत्यारं गिरणीच्या मांजरपाटात गुंडाळलेली असत, आणि पाना वापरून झाला की तो पुसल्याशिवाय ते दुसऱ्याला हात लावत नसत. इंजिन चालू असताना कुणी बोललं, की त्याच्याकडे असं बघत, जणू त्याने कीर्तनात शिट्टी मारली.

त्यांच्या-माझ्या ओळखीचं कारण म्हणजे माझा मामा. मामाचा धंदा होता चित्रीकरणाला जुन्या गाड्या भाड्याने देण्याचा. धंदा गुंडाळला तेव्हा सगळ्या गाड्या गेल्या, एक उरली. अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची. बॉनेट एवढं लांब की त्यावर पंगत बसावी. तिकडे म्हणे तरुण पोरं अशा गाड्या सिग्नलवरून सुटताना टायरचा धूर काढायलाच घेतात. मामाकडे असताना तिने पडद्यावर तीन वेळा व्हिलनला पळवून नेलं होतं, आणि तिन्ही वेळा मागून सहा माणसं ढकलत होती. मामाने ती मला दिली. लाडका भाचा म्हणून नव्हे, दुसरं कुणी घेईना म्हणून. ट्रकने खेचून ती मुलुंडला आमच्या सोसायटीत आणली, आणि विमा कचेरीत कारकुनी करणाऱ्या मी तिच्या बाजूच्या आरशात बघून केस विंचरले. त्या दिवशी गाडीचं मी केलेलं काम तेवढंच.

पुढची दोन वर्षं ती जागची हलली नाही. पाण्याचा टँकर वळेना, तेव्हा सोसायटीने सभा घेतली. ठराव असा झाला, की मार्चअखेर गाडी स्वतःच्या ताकदीवर गेटबाहेर गेली नाही तर भंगारवाल्याला बोलावून तिथेच तोडून न्यायची. ठराव सेक्रेटरींनी मांडला. अनुमोदन माझ्या वडिलांनी दिलं.

कुणीतरी फोरमनचं नाव सांगितलं. ते आले. गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि बॉनेटवर तळवा ठेवून म्हणाले, "पाहुणी दमली आसा." तेव्हापासून ती पाहुणी. तिच्या कंपनीचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

तीन दिवसांनी निदान झालं. इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट नावाचा दांडा असतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, आणि दांडा फिरला की ते उंचवटे झडपा उचलतात. पाहुणीच्या सोळा उंचवट्यांपैकी पाच झिजून पार गुळगुळीत झाले होते. शिवाय इंजिनाला हवा-पेट्रोल पाजणारा तिचा मूळचा चार घशांचा कार्बोरेटर कुणीतरी काढून घेतला होता आणि तिथे पत्र्याची पट्टी ठोकून जीपचा एकघशी बसवला होता.

"हत्तीक मांजराचा नाक लावलेला आसा," फोरमन म्हणाले. "दोन्ही नवे होयेत."

आता हे दोन्ही मिळायचं कुठे? त्या काळात परदेशी वस्तू म्हटली की साधी टेपसुद्धा कुणीतरी बॅगेत घालून आणायची. माझा एक मावसभाऊ अमेरिकेत होता. तो जानेवारीत येणार होता आणि त्यानंतर तीन वर्षं येणार नव्हता. त्याने पत्रातून कळवलं, "एक कॅम आणि एक कार्बोरेटर आणीन. बॅगेत जास्त जागा नाही. नंबर नीट कळव." सोबत सुट्या भागांचा एक कॅटलॉग पाठवला. म्हणजे एकच पत्र, एकच निवड. चुकली, तर एप्रिलमध्ये पाहुणीचे तुकडे कुर्ल्याच्या भंगारबाजारात.

कॅटलॉग मी तीन दिवस उशाशी घेऊन झोपलो. आमच्या इंजिनाला बसणारे कॅम तीन होते. पहिला सौम्य, दुसरा मध्यम आणि तिसरा सैतान. तिसऱ्याबद्दल मावसभावाने लिहिलं होतं, की तो बसवला की गाडी नुसती उभी असतानाही धड-धड-धड अशी थरथरते आणि शेजारच्या खिडक्यांच्या काचा वाजतात. ते वाचल्यापासून सेक्रेटरींच्या खिडकीच्या काचा माझ्या स्वप्नात येऊ लागल्या.

मी भांडुपला धावलो. "फोरमन, तिसरा! एकदम झकास आहे."

त्यांनी कॅटलॉग हातात घेतला, चित्रं बघितली आणि परत दिला. "सोमवारपासून तुझ्या स्कूटरवर मागे बसतंय."

"कशाला?"

"पाय बघूक. स्कूटर काय नि पाहुणी काय, पाय तोच."

आणि ते खरंच आले. सोमवार ते शनिवार, सकाळी मुलुंड ते अंधेरीची माझी कचेरी आणि संध्याकाळी परत. भांडुपवरून पवईचा तलाव, पुढे साकीनाका. धोतर नव्हे, कडक इस्त्रीची खाकी पँट, वर पांढरा शर्ट आणि पँटच्या उजव्या खिशात ओंजळभर चिंचोके. मी ब्रेक दाबला की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात. दिवसभर मी कचेरीत फायली हलवत असे तेव्हा ते समोरच्या गॅरेजवाल्याला त्याची चूक समजावून सांगत. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मधूनच एखादा चिंचोका डाव्या खिशात न जाता शर्टाच्या खिशात जातो.

"तो कशाचा?" मी मान वळवून विचारलं.

"तो माझो. तू फुडे बघ, मेल्या, बस इली!"

शनिवारी गॅरेजात त्यांनी निकाल सांगितला. एका खेपेला शंभरावर ब्रेक. स्कूटर पूर्ण ताणून पळवली ती आठवड्यात फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा बसथांब्यासमोर.

"तिसऱ्या कॅमाक मोकळो रस्तो होयो," ते म्हणाले. "इंजिन किंचाळाक लागला की मगे तो काम करता. खाली तेच्यात जीव नाय. मुलुंडात मोकळो रस्तो खय आसा? आणि त्याचा बीपी बघ."

बीपीची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांच्या गॅरेजात भिंतीवर एक फळी होती. तिच्यावर हातभर लांब काचेची नळी उभी ठोकलेली, बाजूला शाळेतली इंचांची फूटपट्टी आणि खाली बाटलीत पारा. पारा एका डॉक्टरच्या मोडक्या बीपीच्या यंत्रातला. नळीच्या वरच्या टोकाला रबरी पाइप लावायचा आणि पाइपाचं दुसरं टोक इंजिनाला. इंजिन हवा ओढायला लागलं की पारा नळीत वर चढे, आणि किती इंच चढला यावरून फोरमन त्या इंजिनाची कुंडली मांडत. माझे वडील एकदा मला तिथून ओढून न्यायला आले होते. तावातावाने आत शिरले, फळी बघून थबकले.

"हे काय?"

"बीपी बघूचा," फोरमन म्हणाले.

वडील खुर्चीवर बसले आणि त्यांनी शर्टाची बाही वर सरकवली. फोरमन हसले नाहीत. त्यांनी मन लावून वडिलांची नाडी बघितली आणि सांगितलं, "मीठ कमी करा." वडील मला ओढून न नेताच परत गेले, आणि आमच्या घरात लोणचं बंद झालं.

तर बीपी. तिसरा कॅम घातला तर पारा नऊ इंचही चढणार नाही, फोरमन सांगू लागले. पाहुणीचे ब्रेक इंजिनाच्या त्याच ओढीवर चालतात. ओढ गेली की ब्रेक दगडासारखा. "नि तू खेपेक शंभरदा ब्रेक मारतंस."

मग मी कॅटलॉगमधलं कार्बोरेटरचं पान काढलं. चार घशांचे दोन होते, एक मोठा आणि एक लहान. मी अर्थातच मोठ्यावर बोट ठेवलं.

"तुमच्या बिल्डिंगीत पाणी किती वाजता येता?"

"सहा ते सात."

"नळ दुप्पट मोठो बसवलंस तर दुप्पट येतला?"

मुलुंडमध्ये राहणाऱ्या माणसाला यापुढे काही समजवावं लागत नाही. लहान चारघशी पक्का झाला.

"आता कॅम," ते म्हणाले. "वाचून दाखव परत."

मी इंग्रजी वाचून त्याचं मराठी करत गेलो. पहिला: मूळ इंजिनासाठी, लहान एकघशी-दोनघशी कार्बोरेटरबरोबर उत्तम. दुसरा: चारघशी कार्बोरेटरबरोबर. तिसरा: फक्त शर्यतीसाठी. फोरमननी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"पहिलो," ते म्हणाले. "पहिल्याचो नंबर लिव."

मला रडू यायचं बाकी होतं. पहिला म्हणजे दूध आणायला जायचा कॅम. अशी गाडी नाक्यावर उभी राहून म्हाताऱ्या आत्यासारखी गुणगुणणार! तिथेच सगळे नंबर मी एका चिठ्ठीवर टिपले आणि घरी येऊन एरोग्राम लिहायला घेतला. कार्बोरेटरचा नंबर जसाच्या तसा उतरवला. कॅमच्या नंबरपाशी पेन थांबलं. माझं मन तिसऱ्यावर होतं. पण तिसरा लिहिला आणि ब्रेक खरंच दगड झाले तर? मग मी दुसऱ्याचा नंबर लिहिला, एरोग्रामच्या कडा थुंकी लावून चिकटवल्या आणि पेटीत टाकला. पेटीच्या तोंडातून पत्र आत पडल्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी मला पश्चात्ताप झाला. माझे सगळे पश्चात्ताप असे पेटीत पडल्यावरच होतात.

त्यानंतरचे दोन महिने मी फोरमनच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. आयुष्यभर ज्यांनी सूत आणि लोखंड एकत्र नांदवलं त्यांनी आठवडाभर माझ्या स्कूटरच्या मागे हाडं खिळखिळी करून घेऊन एक कॅम निवडला, आणि मी तो बदलला. कशासाठी? खिडकीच्या काचा वाजाव्यात म्हणून. गाडी बिघडली तर भंगारात पाहुणी जाणार होती, आणि नाव जाणार होतं फोरमनचं. भांडुप ते मुलुंड सगळे म्हणणार होते, फोरमनचा अंदाज चुकला.

जानेवारीत मावसभाऊ आला. कस्टमवाल्याने बॅगेतून तो गाठीगाठींचा दांडा काढून विचारलं, "हे काय?" मावसभाऊ म्हणाला, "कॅमशाफ्ट." कस्टमवाल्याने दांडा तीनदा हलवून बघितला, आत काही वाजत नाही म्हणून निराश होऊन परत ठेवला. कार्बोरेटर स्वेटरमध्ये गुंडाळून आला, आणि कॅमबरोबरचे सोळा नवे टॅपेट, म्हणजे उंचवट्यांवर बसणाऱ्या लोखंडी वाट्या, बदामाच्या डब्यातून आले. थोडे बदामही होते.

फोरमननी कागद सोडला. दांड्यावरचं तेल पुसलं, डोळे मिटले आणि एका उंचवट्यावरून अंगठा फिरवला. पायथ्यापासून वर, माथ्यावरून पलीकडे खाली. मग दुसऱ्यावरून. मी बदाम खात होतो, तो घशात अडकला.

"बरो आसा," ते म्हणाले, आणि मला पाणी दिलं.

आमच्या कंपाउंडमध्येच सहा दिवस काम चाललं. सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मला बाजूला घेतलं. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. नव्या कॅमची आणि नव्या टॅपेटची पहिली वीस मिनिटं फार नाजूक असतात, त्यांनी समजावलं. इंजिन चालू झाल्या झाल्या जोरात पळवायचं आणि सलग वीस मिनिटं तसंच ठेवायचं, तरच दोघं एकमेकांवर नीट बसतात. मध्ये बंद पडलं किंवा हळू झालं, तर नवा कोरा उंचवटा तिथेच खरवडून जाऊ शकतो. मग दुसरा कॅम नाही. मावसभाऊ परवाच परत गेला होता.

दहाला दहा मिनिटं कमी असताना चावी फिरवली. पाहुणीने एकदा खाकरून घेतलं आणि पेटली. असा आवाज मुलुंडने ऐकला नसेल. गच्चीवरची कबुतरं उठली ती कुठे गेली कळलं नाही. पाचव्या मिनिटाला सेक्रेटरी बनियनवर धावत आले.

"ओ, बंद करा आधी ते! रविवार आहे! चावी कुठेय?"

आणि त्यांनी खिडकीतून आत हात घातला. मी स्टिअरिंगवर होतो. हात धरावा की पाय धरावेत, मला सुचेना. फोरमन शांतपणे आले आणि सेक्रेटरींच्या त्याच हातात त्यांनी गजराचं घड्याळ ठेवलं.

"साहेब, बरा झाला तुम्ही इलात. जबाबदार माणूस होयोच होतो. दहा वाजून दहा मिनटांपर्यंत कोणी बंद करता कामा नये. तुमच्यावर सोडतंय."

सेक्रेटरींनी घड्याळाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग ते वळले, दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभे राहिले आणि गॅलऱ्यांमधून ओरडणाऱ्या सभासदांना त्यांनी दरडावलं, "काय गोंधळ आहे? दहा-दहापर्यंत कुणी गाडीजवळ यायचं नाही!"

बाराव्या मिनिटाला तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला. नळाला पाणी नव्हतं, सात कधीच वाजून गेले होते. "पाणी मार पुढच्या जाळीवर, पाणी!" फोरमन ओरडले. कोण आणणार? मला पाय उचलता येत नव्हता. तेवढ्यात जिन्यातून एक माणूस दोन्ही हातांत बादल्या घेऊन उतरला. पिण्याच्या पिंपातलं पाणी, आमच्याच घरातलं. ठरावाला अनुमोदन देणारे माझे वडील. त्यांनी चार खेपा केल्या. शेवटच्या खेपेला म्हणाले, "लवकर आटप. माझं बीपी वाढेल."

दहा वाजून दहा मिनिटांनी सेक्रेटरींच्या हातात घड्याळ खणखणलं. फोरमननी बोट खाली केलं. मी पाय हळूहळू उचलला, आणि पाहुणी उभ्या जागी, स्वतःच्या लयीत चालू लागली. अगदी गुळगुळीत नाही. किंचित लंगडत, एखादा ढोलकीवाला मुद्दाम मात्रा मागे ठेवतो तशी. फोरमननी गॅरेजातून आणलेल्या बीपीच्या फळीचा पाइप जोडला. पारा चढला आणि पंधरा इंचांवर स्थिर उभा राहिला. ते कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते. मला वाटलं काही म्हणतील, पण ते साच्याचा आवाज काढत होते, खटक-खटक, खटक-खटक, पाहुणीच्या आवाजाशी जुळवून.

"धागो शाबूत," ते शेवटी म्हणाले.

पाहुणी गेटबाहेर पडली तेव्हा सेक्रेटरींनी स्वतः टँकरवाल्याला थांबवून ठेवलं होतं. ब्रेकवर पाय ठेवला की गाडी लोण्यात रुतल्यासारखी थांबत होती. पवईच्या तलावाशी आलो. रस्ता जरा मोकळा होता. मी पाय दाबला. गाडीने मागून कुणी उचलून फेकावं तशी झेप घेतली, आणि माझी पाठ सीटमध्ये रुतली. फोरमन खिडकीला हात धरून तलावाकडे बघत बसले होते, जणू ह्यात विशेष काही नाही.

मला ते सहन होईना. मी गाडी कडेला घेतली. "फोरमन, एक सांगायचंय. पत्रात मी तुम्ही सांगितलेला नंबर..."

"दुसरो लिवलंस."

"अंगठा फिरवलात तेव्हा कळलं?"

"तो पक्को करूक फिरवलंय. म्हायत आधीच होता."

त्यांनी मांजरपाटाच्या गुंडाळीतून माझाच कॅटलॉग काढला. तो मला त्या शनिवारपासून सापडत नव्हता. दुसऱ्या कॅमभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता, पुसट, तेलकट बोटांनी फिकट झालेला.

"तू वाचून दाखवलंस त्याच दिवशी केलंय. चारघशी कार्बोरेटर दुसऱ्याबरोबर, तूच वाचलंस मा? पहिलोच होयो असतो तर चारघशी कशाक सांगितलंय असतंय?"

"मग मला पहिला का सांगितलात?"

"दुसरो सांगितलंय असतंय, तर तू तिसरो लिवलं असतंस."

"आणि पहिल्यावरून एकदम तिसराच लिहिला असता तर?"

फोरमन माझ्याकडे वळले. त्या नजरेत राग नव्हता, कणव होती. "तू? दोन पायऱ्या? तेका छाती लागता रे. तू एकच चढतलंस, नि मगे दोन महिने घाबरून ऱ्हवतलंस."

मी हट्टाने म्हणालो, "बरं. पण कार्बोरेटरही बदलला असता तर?"

"तो रस्त्यावरच्या माणसाक आयकाक येणा नाय. जा लोकांका आयकाक येता, ताच तू बदलतलंस."

हा माणूस सुताचा फिटर, इंग्रजीचं अक्षर न वाचणारा. अमेरिकेतल्या कारखान्याने काढलेले तीन दांडे त्याने तोलले होते, आणि त्यांच्याबरोबर मलाही तोललं होतं, अर्ध्या इंचाची चूक न करता. "पण हे सगळं तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

त्यांनी शर्टाच्या खिशातून चिंधीची एक पुरचुंडी काढून माझ्या तळहातावर सोडली. चिंचोके. मी मोजले. तेवीस.

"स्कूटरच्या आरशात बघलंस, तेचे," ते म्हणाले. "मागची गाडी बघूक न्हय. केस."

मी खजील होऊन मान वर केली. समोर पाहुणीचा आरसा होता, वाऱ्याने माझे केस पार विस्कटले होते, आणि हात आपोआप वर गेला.

फोरमननी पँटच्या उजव्या खिशात हात घातला आणि एक चिंचोका माझ्या तळहातावर ठेवला.

"चोवीस."